पार्किंगची पाटी: दुकानदाराने कुठली लावावी, कुठली लावून उपयोग नाही

बडोद्यात रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत पायी गेलात, तर दर चार-सहा दुकानांमागे एक तरी पाटी दिसते. वर 'नो पार्किंग', खाली गुजरातीत 'हवा काढी नाखवामां आवशे'. कुणी शटरवरच ऑइलपेंटने रंगवून घेतलेली असते, कुणी फ्लेक्स छापून आणलेला असतो, कुणी जुन्या टायरात सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केलेला असतो. आणि पाटीला खेटून दोन-तीन स्कूटर निवांत उभ्या असतात.

लोकांना शिस्त नाही, हे उत्तर सोपं आहे आणि थोडंफार खरंही आहे. पण इमारतींचे नकाशे आणि बीयू, म्हणजे बांधलेली इमारत वापरण्याच्या परवानगीच्या कामात असल्यामुळे मला यातली दुसरी बाजू रोज दिसते. यातल्या बऱ्याच पाट्या लावायचा लावणाऱ्याला अधिकारच नसतो. आणि ज्या लावायलाच हव्यात, नाही लावल्या तर गोत्यात यायची पाळी येऊ शकते, त्या मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नसतात.

तेव्हा रंग, अक्षर, पत्रा हे सगळं नंतर. आधी एवढंच बघायचं की पाटी ज्या जमिनीबद्दल बोलते ती जमीन कोणाची आणि तिथे हुकूम कोणाचा चालतो.

रस्त्यावर

दुकानाच्या पायरीपुढचा डांबरी पट्टा आणि फुटपाथ तुमचा नाही. पणजोबांच्या काळापासून तिथे खाट टाकत असलात तरी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११६ सांगतं की रस्त्यावर किंवा रस्त्याजवळ वाहतुकीचं चिन्ह उभारण्याचा अधिकार राज्य सरकारला, किंवा सरकारने ज्या यंत्रणेला तो दिला असेल तिला. बाकी कुणी तसं चिन्ह लावायचं नाही. शिवाय एखादी खासगी पाटी वाहतुकीच्या चिन्हासारखी दिसून लोकांची दिशाभूल करत असेल, किंवा खऱ्या चिन्हाला झाकत असेल, तर ती काढून टाकण्याची मुभाही त्याच कलमात आहे. गाड्या कुठे उभ्या राहतील हे ठरवणारं कलम ११७. त्यातही निर्णय सरकारी यंत्रणेचा, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून.

आपल्याकडे पोलीस आयुक्त अमुक रस्ता 'नो पार्किंग' म्हणून जाहीर करतात तेव्हा त्यासाठी जाहीरनामा निघतो. गुजराती वर्तमानपत्रात 'जाहेरनामुं' म्हणून येतो तोच. गुजरात पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३३ खाली असे जाहीरनामे काढले जातात. त्या जाहीरनाम्यानंतर जो खांब उभा राहतो त्याच्या जोरावर क्रेन गाडी उचलू शकते. तुमच्या टायरातल्या पाइपाच्या जोरावर नाही. उलट तो पाइप फुटपाथवर असेल तर महापालिकेची दबाण (अतिक्रमण) शाखा तोच उचलून नेईल, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

'हवा काढू' हा मजकूर तर पहिल्यांदा पुसून टाका. दुसऱ्याच्या गाडीचा व्हॉल्व्ह काढणं, गाडीला साखळी घालणं, जॅमर लावणं यातलं काहीही दुकानदाराच्या हातात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी हलवण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा आदेश द्यायचा तो गणवेशातल्या, त्या हद्दीच्या पोलीस अधिकाऱ्याने. तुम्ही स्वतः केलंत तर समोरचा माणूस नुकसान केल्याची किंवा वाट अडवल्याची तक्रार भारतीय न्याय संहितेखाली करू शकतो, आणि पुरावा म्हणून तुमच्याच पाटीचा फोटो जोडू शकतो. गुन्हा करण्याआधी तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची ही पद्धत मला नेहमीच थोर वाटत आलेली आहे.

यातून एक सुटका आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. तुमच्या आवाराचं गेट. २०१७ चे मोटार वाहन चालवण्याबाबतचे केंद्रीय विनियम आहेत. त्यात कुठल्याही आवाराच्या प्रवेशद्वाराची वाट अडेल अशी गाडी उभी करायला मनाईच आहे. त्यासाठी वेगळा जाहीरनामा लागत नाही. म्हणजे गेटवर, स्वतःच्या भिंतीच्या आत, 'ये-जा चालू असते, गेटसमोर वाहन उभे करू नये' अशी पाटी लावलीत तर ती असलेल्या नियमाची आठवण करून देते. फोन केल्यावर पोलिसालाही तिच्या मागे उभं राहता येतं. फक्त ती पाटी गेटपुरतीच बोलली पाहिजे. गेट बारा फुटांचं आणि पाटीवरचे बाण डावीकडे-उजवीकडे चाळीस फुटांपर्यंत, असं चालत नाही.

दुकानापुढचा रस्ता खरोखरच कोंडत असेल, मालाचा टेम्पो लावायला जागा उरत नसेल, तर रस्ता मोजून साधा नकाशा काढा, गर्दीच्या वेळचे फोटो लावा आणि वाहतूक शाखेकडे व महापालिकेकडे अर्ज करा. एकट्या दुकानाच्या अर्जापेक्षा बाजारातल्या पंचवीस सह्यांच्या अर्जाला वजन येतं. वेळ लागतो, पण मग जो खांब येईल तो खरा असेल.

आवाराच्या आत

कुंपणाच्या आत आलो की चित्र बदलतं, पण 'माझी जागा, माझी मर्जी' इतकं सरळ तिथेही नसतं. तुमच्या इमारतीला रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, मिळाली तेव्हा नकाशात पार्किंग दाखवलं होतं. गुजरातमध्ये २०१७ पासून सर्व शहरांना लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण विनियमावली, म्हणजे ज्याला सगळे नुसतं जीडीसीआर म्हणतात, ती किती चौरस मीटर बांधकामामागे किती पार्किंग आणि त्यातलं पाहुण्यांसाठी किती हे ठरवते. त्या अटीवर बीयू मिळते. म्हणून पार्किंगच्या पाट्यांचा पहिला कागद पाटीवाल्याकडे नसतो, तुमच्याच कपाटात असतो. मंजूर नकाशा काढा, पार्किंगचा भाग पेन्सिलीने रंगवा आणि आज प्रत्यक्षात तिथे काय आहे ते बघा.

नकाशात पाहुण्यांचं पार्किंग दाखवलं असेल आणि तिथे 'फक्त मालकांसाठी' अशी पाटी असेल, तर ती पाटी म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेली कबुली आहे. तपासणीला आलेल्या माणसाला मोजपट्टी काढायचीही गरज पडत नाही. अलकापुरी, सयाजीगंज भागातल्या कॉम्प्लेक्समध्ये आणखी एक प्रकार दिसतो. तळमजल्यावरची मार्जिनची, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडलेली, जागा सगळ्यांची सामाईक असते, पण कोपऱ्यातला एक दुकानदार 'फक्त आमच्या ग्राहकांसाठी' असं लिहून साखळी बांधतो. सामाईक जागेची वाटणी एकट्याने करता येत नाही. असोसिएशनची सभा, ठराव, आणि मगच पाटी. आणि ठरावातसुद्धा मंजूर नकाशा मोडता येत नाही.

पैशांच्या पाटीबद्दलही हेच. '२० रुपये तास' असा फलक लावण्याआधी हे लक्षात घ्या की २०१९ च्या जुलैमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने मॉल आणि मल्टिप्लेक्सना ग्राहकांकडून पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असा निकाल दिला. तर्क साधा होता: नियमाने पार्किंग देणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी पैसे घ्यायचा अधिकार नियमात दिलेला नाही. हा निकाल मॉल-मल्टिप्लेक्सच्या वादात आला असला, तरी दुकानांच्या कॉम्प्लेक्सने पावतीपुस्तक छापण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

आणि आता ती सर्वांची आवडती पाटी, 'वाहन स्वतःच्या जबाबदारीवर उभे करावे'. ही पाटी पूर्ण निरुपयोगी नाही, पण लोकांना वाटते तेवढी ती ढाल नाही. ताजमहाल हॉटेल आणि एका विमा कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, निकाल नोव्हेंबर २०१९ चा. १९९८ मध्ये दिल्लीत पाहुण्याने मारुती झेन हॉटेलच्या माणसाच्या हाती चावीसकट दिली होती आणि ती चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतंच. न्यायालय म्हणालं, चावी घेतलीत म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात आली, आणि ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी तुम्ही किंवा तुमच्या माणसाने घेतली नसेल तर छापील ओळीमागे लपता येणार नाही. व्यवहारात याचा अर्थ असा. ग्राहक स्वतः गाडी लावतो, स्वतः कुलूप घालतो, चावी खिशात ठेवतो, तिथे ही पाटी लावायला हरकत नाही. तुमचा रखवालदार चाव्या घेऊन गाड्या मागेपुढे करत असेल, तर पाटीवर खर्च करण्यापेक्षा चाव्यांच्या खुंट्या, टोकन आणि नोंदवही यावर करा.

आकार आणि रंग काय बोलतात

रस्त्यावरच्या चिन्हांसाठी आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे, आयआरसी ६७. ती रस्त्यांसाठी लिहिलेली आहे. खासगी आवारात ती जशीच्या तशी लावलीच पाहिजे असं नाही. पण गाडी चालवणारा माणूस तोच असतो. लायसन्सच्या परीक्षेत त्याने जी चिन्हं पाठ केली, तीच तुमच्या आवारात दिसली तर त्याला वाचत बसावं लागत नाही.

व्याकरण अगदी थोडं आहे. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती. गोलातही लाल कडा असेल तर मनाई, आणि नुसता निळा गोल असेल तर 'असंच करा'. 'थांबा' अष्टकोनी लाल. 'प्रवेश बंद' लाल तबकडीवर पांढरी आडवी पट्टी. पार्किंगची जागा दाखवायची तर निळ्या चौकोनावर पांढरा 'पी', आणि त्याखाली दुचाकी की मोटार हे चित्राने.

'नो पार्किंग'चं भारतीय चिन्ह म्हणजे निळी तबकडी, लाल कडा आणि एक तिरपी लाल पट्टी. त्यात 'पी' नसतो. पट्ट्या दोन असतील, फुलीसारख्या, तर अर्थ आणखी कडक: इथे थांबायचंसुद्धा नाही. बाजारातल्या फ्लेक्सवाल्याला 'नो पार्किंग' सांगितलं की तो गूगलवरून पांढऱ्यावर काळा 'पी' आणि त्यावर लाल रेघ असं चित्र उचलतो. ते अमेरिकेतलं चिन्ह आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार स्टिकरांवर तर 'एडीए प्रमाणित' असंही छापलेलं असतं. एडीए हा अमेरिकेतल्या दिव्यांगांसाठीचा कायदा. तिथे २५ गाड्यांपर्यंतच्या आवारात एक राखीव जागा, पाटीची खालची कड जमिनीपासून ६० इंच, असे नियम आहेत आणि तिथल्यांसाठी ते काटेकोर आहेत. बडोद्यात त्या शिक्क्याला कुणी विचारत नाही.

रंगाबद्दल एक बारीक गोष्ट, जी पैसे देऊन झाल्यावर कळते. साध्या डिजिटल छपाईत लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून येतो, आणि उन्हात या दोन शाया निळ्याआधी उडतात. आपल्याकडचा मे महिना काही सांगायला नको. दोन उन्हाळ्यांनी 'नो पार्किंग'ची लाल कडा आणि तिरपी पट्टी फिकट गुलाबी होते, मग जवळजवळ नाहीशी होते, आणि उरतो तो निळा गोल. म्हणजे मनाईची पाटी फिकी पडता पडता भलतंच बोलायला लागते. रेसकोर्सकडच्या एका आवारात अशी पाटी मी बघितली आहे. तिच्याखाली लोक गाड्या लावत होते आणि रखवालदार त्यांच्यावर ओरडत होता. लाल भाग छापून न घेता कापलेल्या लाल फिल्मचा घेतला, किंवा स्क्रीन प्रिंटिंगने करून घेतला, तर हा प्रश्न पुष्कळ लांबणीवर पडतो.

व्हीलचेअरची पाटी

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पाट्यांच्या सगळ्या गोतावळ्यात कायद्याचं खरं वजन हिच्यामागे आहे आणि दुकानदार हिलाच सजावट समजतात.

दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ मधली 'सार्वजनिक इमारत' ही व्याख्या फार रुंद आहे. सरकारी असो की खासगी, जिथे सर्वसामान्य लोकांची ये-जा आहे ती सार्वजनिक इमारत. व्यापारी वापराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दवाखाना, बँक, साड्यांचं दुकान, लग्नाचा हॉल, सगळे आले. कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेच्या नियमांना धरून नकाशा नसेल तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ जुन्या इमारतींसाठी: नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करा. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येकाला किमान ५०,००० ते ५ लाख.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सुनावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे लिहून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा. तेव्हा 'ते गाइडलाइन आहे हो, कायदा थोडाच आहे' ही पळवाट दिवसेंदिवस अरुंद होत जाणार आहे.

आता मापं. राष्ट्रीय इमारत संहिता आणि आदर्श इमारत उपविधी, दोन्ही २०१६ चे, सांगतात की इमारतीच्या प्रवेशदारापासून ३० मीटरच्या आत जमिनीच्या पातळीवर दोन मोटारींची जागा राखीव हवी आणि प्रत्येकीची रुंदी किमान ३.६ मीटर हवी. नेहमीची मोटारीची जागा अडीच मीटरची धरतात. वरचे एक मीटरभर कशाला, तर गाडीचं दार पूर्ण उघडून बाजूला व्हीलचेअर आणायला आणि माणसाला सीटवरून खुर्चीत सरकायला. ही गोष्ट समजली नाही की मग काय होतं ते पाहा: मालक अडीच मीटरच्या जागेवर झकास निळं चित्र रंगवून घेतो, फोटो काढतो, फाइलला लावतो. व्हीलचेअरवरचा माणूस तिथे गाडी लावू शकतो, उतरू मात्र शकत नाही.

पाटी कुठे? जमिनीवरही आणि उभ्या खांबावरही. नुसती जमिनीवर रंगवली तर तिच्यावर गाडी उभी राहिली की ती दिसत नाही, आणि पावसाळ्यात चिखलाने झाकली जाते. नुसती भिंतीवर लावली तर जागेची हद्द कुठवर हे कळत नाही. चित्र निळ्यावर पांढरं, खुर्चीचं तोंड उजवीकडे. हे चिन्ह १९६८ मध्ये डेन्मार्कच्या सुझॅन कोफेड या विद्यार्थिनीने काढलेल्या आराखड्यावरून आलं, आणि जगभर तेच चालतं. त्यात फुलं, हात, हृदय घालून 'आपल्या पद्धतीचं' करायला जाऊ नका. गेटपासून त्या जागेपर्यंत बाणाच्या पाट्याही लागतात. जागा इमारतीच्या मागे असेल तर गेटवर शिरताना माणसाला ते कळायला हवं.

आपल्या शहरात मोटारीपेक्षा बाजूला दोन चाकं जोडलेली स्कूटर जास्त दिसते. कायद्याच्या भाषेत हे 'अनुकूलित वाहन'. नियम मोटारीची मापं सांगतात, पण राखीव जागेतला एक भाग अशा स्कूटरसाठी आखून तसं चित्र लावलंत तर त्या जागेचा खरा उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती जागा दुपारी मालाच्या खोक्यांसाठी वापरायची नाही. पाटी लावली आणि खाली साबणाचे बॉक्स रचले, तर पाटी नसती तरी चाललं असतं.

आग, उंची, पाणी

सुरतचं तक्षशिला संकुल २०१९ मध्ये आणि राजकोटचा गेम झोन मे २०२४ मध्ये जळाल्यानंतर गुजरातमध्ये फायर एनओसीची (अग्निसुरक्षेच्या ना-हरकत दाखल्याची) तपासणी पहिल्यासारखी राहिलेली नाही. उंच इमारतीभोवती बंब फिरेल असा ६ मीटरचा रस्ता राष्ट्रीय इमारत संहिता मागते, आणि तो नकाशात असतोही. प्रत्यक्षात संध्याकाळी तिथे दुचाक्यांची रांग लागते. इथे 'नो पार्किंग' पुरेसं नाही, कारण लिहा. 'अग्निशमन मार्ग, वाहने उभी करू नयेत' असं लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात, आणि जमिनीवर तिरपे पट्टे. लोक नुसता हुकूम टाळतात, पण आगीच्या बंबाची वाट आहे म्हटल्यावर बरेच जण गाडी मागे घेतात.

तळघराच्या तोंडाशी उंचीची पाटी हवी: लाल कडेचा पांढरा गोल, मध्ये आकडा, वर-खाली बाणाची टोकं. आकडा मात्र नकाशातून उचलू नका. नकाशात छताची उंची असते. गाडी अडते ती नंतर टाकलेल्या स्प्रिंकलरच्या पाइपाला किंवा एसीच्या डक्टला. सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू शोधा, तिथे मोजा आणि दहा-पंधरा सेंटिमीटर कमी करून लिहा. उतारावर मोजमाप फसवं असतं, कारण लांब गाडीची पुढची चाकं सपाटीवर येतात तेव्हा मागची अजून चढावर असतात आणि टप वर उचललेला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तळघरांतल्या गाड्यांचं काय झालं हे बडोद्यात कुणाला समजावून सांगायला नको. तेव्हापासून मी ओळखीच्या लोकांना तळघराच्या तोंडाशी आणखी एक पाटी सुचवतो. कायद्याने मागितलेली नाही. 'पुराचा इशारा असताना तळघरात वाहन ठेवू नये' एवढा मजकूर आणि रखवालदाराचा फोन नंबर. शक्य असेल तर भिंतीवर त्या वेळी पाणी कुठवर आलं होतं तिथे रेघ मारून तारीख लिहा. बाहेरगावच्या माणसाला त्या रेघेवरून सगळं कळतं.

विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची जागा ठेवली असेल तर 'ईव्ही' लिहून थांबू नका. 'चार्जिंग चालू असेपर्यंतच' हे लिहा, नाहीतर पेट्रोलची नसली तरी चार्ज झालेली गाडी तिथेच संध्याकाळपर्यंत झोपते. विजेच्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, त्यामुळे रखवालदाराला ओळखायला अडचण नाही.

भाषा

फेब्रुवारी २०२२ मध्ये गुजरात सरकारने ठराव काढून बडोद्यासह राज्यातल्या महापालिका असलेल्या शहरांत सार्वजनिक ठिकाणच्या पाट्यांवर गुजराती असायलाच हवी असं केलं. सरकारी कचेऱ्यांबरोबर हॉटेलं, बँका, चित्रपटगृहं अशा लोकांच्या वापरातल्या खासगी जागाही त्यात येतात. म्हणून क्रम सोपा आहे: चित्र आधी, मग गुजराती, मग हिंदी किंवा इंग्रजी.

दांडिया बाजारातले एक काका मला म्हणाले, "अरे, पण आपल्या दुकानावर मराठी नको का?"

"काका, दुकानाच्या नावाच्या पाटीवर खुशाल मोठ्या अक्षरात लावा. पार्किंगच्या पाटीवर चार लिप्या घातल्या तर स्कूटरवरचा माणूस एकही वाचणार नाही."

काकांना ते फारसं पटलं नाही. पण गाडी चालवणाऱ्याला पाटी वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात तीन-चार शब्दांपलीकडे कुणी जात नाही. 'ग्राहकांना नम्र विनंती करण्यात येते की' इथपर्यंत येईस्तोवर तो पाटी ओलांडून गेलेला असतो.

पत्रा, रेडियम, खांब

फ्लेक्स नको. दोन पावसाळ्यांत कडेने फाटतो आणि उत्तरायणाच्या दिवसांत मांज्याने चिरला जातो. दीड-दोन मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा तीन-चार मिलिमीटरची एसीपी (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम थरांमध्ये प्लास्टिक असलेली) शीट घ्या. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण बोल्टाच्या भोकापासून गंजत जातो आणि गंजाचा ओघळ नेमका अक्षरांवर येतो.

रात्री गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या शीटला बाजारात सगळे रेडियम म्हणतात. त्यात प्रती आहेत. साधी 'इंजिनियर ग्रेड' शीट गुळगुळीत असते, आत काचेचे सूक्ष्म मणी असतात. वरच्या प्रतीच्या शीटमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची नक्षी जवळून दिसते आणि ती बरीच लांबून उजळते. आवाराच्या आत इंजिनियर ग्रेड पुरते. गेटवर आणि तळघराच्या उतारावर वरची प्रत घ्या. काही ठिकाणी साध्या पिवळ्या-पांढऱ्या विनाईललाच रेडियम म्हणून खपवतात. ओळखायची युक्ती अशी की दुकानातला दिवा घालवायला सांगा, मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन शीटकडे बघा. खरी शीट झगमगते, कारण ती प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. टॉर्च कमरेजवळ धरलात तर चांगली शीटही मंद दिसेल आणि तुम्ही उगाच दुकानदाराशी भांडाल.

उंचीसाठी आयआरसीचा आकडा कामाला येतो: फुटपाथ असलेल्या रस्त्यावर पाटीची खालची कड किमान २.१ मीटर. आवारात लोक चालतात तिथे हाच धरा, म्हणजे कुणाच्या डोक्याला लागणार नाही आणि उभ्या गाडीच्या वरून पाटी दिसेल. खांबाला २५ सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे मारायची पद्धत आहे. गाडी मागे घेताना ते उपयोगी पडतात. आणि पाटी अशा ठिकाणी लावा जिथे चालवणाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो. 'पार्किंग मागच्या बाजूला' ही पाटी मागच्या बाजूला लावलेली मी बघितली आहे.

पाटीवाल्याला ऑर्डर तोंडी देऊ नका. कागदावर प्रत्येक पाटीचं रेखाचित्र, माप मिलिमीटरमध्ये, पत्र्याची जाडी, शीटची प्रत, लाल भाग कापलेल्या फिल्मचा की स्क्रीनचा, गुजराती मजकूर शुद्धलेखन तपासून, आणि खांबाची जमिनीखालची लांबी. एकच पाटी आधी करून मागवा, संध्याकाळी सात वाजता जागेवर धरून स्कूटरवरून येऊन बघा, मग बाकीच्यांना होकार द्या. बिलावर शीटची प्रत लिहून घ्या. लागल्यावर प्रत्येक पाटीचा फोटो मंजूर नकाशाच्या प्रतीबरोबर एकाच फाइलला ठेवा. फायरवाले, महापालिकेचे आणि विमावाले, तिघेही तीच फाइल मागतात.